शेजारची दोन अक्षरं बदलून बघा: क्वांटम अल्जिब्रा हातानं कसा शिकायचा

क्वांटम अल्जिब्रा, म्हणजे गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं असं बीजगणित, शिकायचाय पण सुरुवात कुठून करू, असं मला अधूनमधून कुणीतरी विचारतं, बहुतेक एमएस्सी फिजिक्सची मुलंमुली असतात, क्वचित एखादा कॉम्प्युटरवाला. सगळ्यांची गोष्ट सारखीच असते. कुणीतरी पेपर हातात दिला, पहिल्याच पानावर हॉफ अल्जिब्रा, कोप्रॉडक्ट, अँटिपोड असे शब्द आले, चार दिवस डोकं लावलं आणि पेपर कपाटात गेला. मीसुद्धा आधी व्याख्या पाठ करायच्या आणि मग उदाहरणं बघायची याच क्रमानं गेले होते आणि त्यात जवळजवळ एक वर्ष गेलं, म्हणून सांगते की तो क्रम उलटा करा. आधी दोन अक्षरं घ्या, कागद आणि पेन्सिल घ्या, आणि हिशोब सुरू करा. पुढे यातूनच पार्टिकल फिजिक्स येतं आणि कॉम्प्युटरवर मराठी नीट चालायला जे कळावं लागतं तेही येतं, कारण तिन्हीकडे मूळ काम एकच आहे, शेजारच्या दोन गोष्टींची जागा बदलायची आणि बदलताना काय खर्च झाला ते लिहून ठेवायचं.

एक गोष्ट आधीच ठरवून टाकू. पेपरमध्ये जे रोमन अक्षर असतं त्याला मी इथे क्यू असंच लिहिणार आहे, आणि ^ ही खूण म्हणजे घात. क्यू हा साधा आकडा आहे, किती ते आपण नंतर ठरवू.

शाळेत क्रमनिरपेक्षता शिकलो होतो, आठवतंय ना, ३ × ५ काय आणि ५ × ३ काय, उत्तर तेच. इथे तीच गोष्ट सोडायची. अ आणि ब ही दोन अक्षरं घ्या आणि नियम असा करा की बअ = क्यू अब. म्हणजे ब आधी आणि अ नंतर असेल तर जागा बदलता येते, पण प्रत्येक अदलाबदलीला एक क्यू बाहेर पडतो. बस, एवढाच नियम. याला क्वांटम प्लेन म्हणतात आणि खरंच, पहिले आठ दिवस एवढंच पुरतं.

आता (अ+ब)^२ करा. गुणाकार करताना क्रम अजिबात हलवायचा नाही, त्यामुळे अअ + अब + बअ + बब असं येईल, मग बअ चं क्यू अब करा, उत्तर अ^२ + (१+क्यू) अब + ब^२. शाळेतल्या २ च्या जागी १+क्यू आलं. मग घन करा. अ दोनदा आणि ब एकदा असे शब्द तीन, अअब, अबअ आणि बअअ. पहिल्यात काहीच हलवायचं नाही, दुसऱ्यात एक अदलाबदल, तिसऱ्यात दोन, म्हणून अ^२ब चा गुणक १+क्यू+क्यू^२. शाळेतला ३ इथे असा उलगडला.

चौथा घात मात्र कुणाचंही न बघता स्वतः करा, कारण खरं कळतं ते इथेच. अ दोन आणि ब दोन असे सहा शब्द होतात: अअबब, अबअब, अबबअ, बअअब, बअबअ, बबअअ. त्यांना क्रमात आणायला लागणाऱ्या अदलाबदली अनुक्रमे ०, १, २, २, ३, ४. म्हणून अ^२ब^२ चा गुणक १+क्यू+२क्यू^२+क्यू^३+क्यू^४. याला गाऊसचा द्विपद गुणक म्हणतात, गाऊसनं हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच केलं होतं, क्वांटम हा शब्द कुणी ऐकलाही नव्हता तेव्हा.

उत्तर आलं की लगेच पुढे पळू नका, ते तपासायची सवय लावा, आणि तपासणी करायची म्हणजे क्यू ला वेगवेगळ्या किमती द्यायच्या. क्यू = १ ठेवा, ६ यायला हवेत, येतात. क्यू = −१ ठेवा, १−१+२−१+१ म्हणजे २. हे २ बरोबर आहेत का? क्यू = −१ असताना मधलं पद जातं, (अ+ब)^२ नुसतं अ^२+ब^२ होतं, आणि अ^२ आणि ब^२ एकमेकांशी क्रमनिरपेक्ष वागतात, म्हणून चौथ्या घातात त्यांचा गुणक साधा २. जमलं. क्यू = २ ठेवा, १+२+८+८+१६ = ३५. ज्यांनी फायनाइट फील्ड शिकलंय त्यांनी मोजून बघा, ० आणि १ एवढ्याच आकड्यांवरच्या चार मितींच्या अवकाशात दोन मितींचे उपअवकाश बरोबर ३५ असतात. शब्द क्रमात लावायचा हिशोब आणि उपअवकाश मोजायचा हिशोब एकच निघतो, हे पहिल्यांदा बघितलं त्या रात्री मला झोप आली नव्हती. आणि क्यू असा घ्या की १+क्यू+क्यू^२ = ० होईल, म्हणजे १ चं काल्पनिक घनमूळ, मग (अ+ब)^३ = अ^३+ब^३. परीक्षेत असं लिहिलं तर शून्य मार्क मिळतात, इथे ते खरं आहे. पेपरमध्ये रूट ऑफ युनिटी, म्हणजे १ चं असं मूळ, आलं की एवढी चर्चा का होते त्याचं बीज इथे आहे.

एवढं हातानं झालं की मग कॉम्प्युटर. लवकर नको, कारण आधी बोटांना कळलं पाहिजे. पायथन फुकट आहे आणि फोनवरही चालतं. प्रोग्रामला एवढंच करायचंय, ठरावीक लांबीचे अ-ब चे सगळे शब्द बनवायचे, प्रत्येक शब्दात ब आधी आणि अ नंतर अशा जोड्या किती ते मोजायचं, आणि कुठल्या मोजणीचे किती शब्द ते लिहून ठेवायचं. दहा अक्षरांचे शब्द १०२४, लगेच होतात. पाच अ आणि पाच ब घेतलेत तर एकूण २५२ शब्द मिळतील, आणि क्यू = −१ ला उत्तर ० यायला हवं, कारण (अ^२+ब^२)^५ मध्ये अ चा विषम घात येणारच नाही. प्रोग्राम बरोबर आहे की नाही ते असंच ठरवायचं. वीस अक्षरांना शब्द दहा लाखाच्या वर जातात, तिथे थोडा वेळ लागेल, आणि तिथेच सुचायला लागतं की सगळे शब्द लिहून मोजण्यापेक्षा मागच्या घाताच्या उत्तरावरून पुढचं काढावं. ते रिकरन्स स्वतः शोधा, सांगत नाही.

हे प्रोग्राम मराठी अक्षरातच लिहा, रोमनमध्ये नको. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावंसुद्धा देवनागरीत चालतात, आणि "१२" असा देवनागरी आकडा स्ट्रिंग म्हणून दिला तर तो त्याला बारा म्हणून बरोबर कळतो. पण हे करताना भाषा संगणनातली जी गोष्ट समजेल ती पुस्तकात वाचून इतकी लवकर समजत नाही. अ आणि ब छान चालले म्हणून कुणीतरी तिसरं अक्षर क्ष घेतं, आणि सगळा हिशोब बिघडतो. कारण आपल्याला क्ष हे एक अक्षर दिसतं पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरांना ज्या क्रमांकांनी ओळखतो त्या तक्त्यात, ते तीन तुकडे आहेत, क, हलन्त आणि ष. पायथनला श्री ची लांबी विचारा, ४ सांगेल, श, हलन्त, र आणि दीर्घ ईची मात्रा. त्यामुळे शब्द उलटा करणारा प्रोग्राम मराठीवर चालवला की मात्रा भलत्याच अक्षराला चिकटतात. वाचणाऱ्याचं अक्षर वेगळं आणि मशीनचा तुकडा वेगळा, मराठीसाठी कुठलंही सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं आधी हे शिकावं. त्यासाठी ग्राफीम क्लस्टर नावाचा नियम युनिकोडनं दिलेला आहे, त्याप्रमाणे आधी तुकडे करून घ्यायचे आणि मग मोजायचं.

क्रम लावायचं म्हणाल तर आपल्या वर्णमालेत ळ कुठे येतो, ह च्या नंतर, मग क्ष आणि ज्ञ. युनिकोडच्या तक्त्यात तो ल च्या लगेच पुढे बसवलाय, म्हणून नुसतं सॉर्ट म्हटलं की ळ चे शब्द व च्याही आधी येतात आणि यादी मराठी माणसाला चुकीची वाटते. मराठीचा वेगळा क्रम देणारे कोलेशनचे नियम तयार आहेत, ते वापरायचे, हातानं जुगाड करू नका. आणि बघा, यादी क्रमात लावायची सगळ्यात साधी पद्धत कोणती, शेजारचे दोन बघायचे, चुकीच्या क्रमात असतील तर बदलायचे, बबल सॉर्ट. त्यात एकूण किती वेळा बदलावं लागलं तो आकडा म्हणजेच वरचा क्यू चा घात.

आता फिजिक्स. दोन एकसारखे कण घ्या, त्यांच्या जागा बदला. सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याला असताना १९२४ मध्ये जो हिशोब मांडला त्यातले कण जागा बदलली तरी जसेच्या तसे, म्हणजे गुणक १. इलेक्ट्रॉनसारख्या फर्मी कणांना गुणक −१. तीन मितीत एवढ्या दोनच शक्यता, कारण दोनदा जागा बदलली की परत होतो तिथेच, गुणकाचा वर्ग १ यायलाच हवा. पण कण एखाद्या सपाट थरातच अडकलेले असतील तर एका कणाला दुसऱ्याभोवती डावीकडून नेणं आणि उजवीकडून नेणं यात फरक पडतो, सुतळीचा पीळ जसा डावा की उजवा ते महत्त्वाचं, तसं. मग गुणक मधलाही चालतो. हे लायनास आणि मिऱ्हाइम यांनी १९७७ मध्ये दाखवलं, विल्चेकनं १९८२ मध्ये त्या कणांना ॲनियॉन हे नाव दिलं, आणि २०२० मध्ये पॅरिस आणि अमेरिकेतलं पर्ड्यू अशा दोन ठिकाणच्या प्रयोगात ते स्पष्ट दिसले. इथे एक सावधगिरी: वरचा बअ = क्यू अब हा नियम आणि ॲनियॉनचा गुणक ही तंतोतंत एकच गोष्ट नाही, नातं आहे, पण एक म्हणजे दुसरं असं लिहू नका, मुलाखतीत पकडतात.

पुढची पायरी तीन अक्षरांची आणि हीच माझ्या मते या सगळ्या विषयाची खरी सुरुवात. अबक हा शब्द घ्या आणि तो कबअ करायचाय, फक्त शेजारचे बदलून. दोन वाटा आहेत. आधी पहिले दोन बदला, बअक, मग शेवटचे दोन, बकअ, मग परत पहिले दोन, कबअ. किंवा आधी शेवटचे दोन, अकब, मग पहिले दोन, कअब, मग शेवटचे दोन, कबअ. दोन्हीकडे तीन-तीन अदलाबदली. दोन्ही वाटांनी उत्तर तेच यायला हवं, ही अट म्हणजे यांग-बॅक्स्टर समीकरण. अदलाबदलीला नुसता आकडा बाहेर पडत असेल तर अट आपोआप पाळली जाते, कारण दोन्हीकडे त्याच तीन जोड्या भेटतात. पण अदलाबदलीत अवस्थाच मिसळत असतील तर? मग अट अवघड होते, आणि ती पाळणारी अदलाबदल सापडणं ही मोठी गोष्ट असते.

एक अशी अदलाबदल देते, ती वहीत लिहून घ्या. प्रत्येक जागेवर स्पिन, म्हणजे कणाचा फिरकीसारखा अंगचा गुण, एकतर वर नाहीतर खाली, व आणि ख. द = क्यू − १/क्यू असं छोटं नाव ठेवू. नियम असे: वव चं क्यू वव होतं, खख चं क्यू खख, वख चं खव होतं, आणि खव चं मात्र वख + द खव होतं. क्यू = १ केलं की द शून्य, मग ही साधी अदलाबदल उरते. आता तीन जागांवर खवव पासून दोन्ही वाटांनी जा. पहिली वाट, पहिले दोन बदलून वखव + द खवव. मग शेवटचे दोन बदलून ववख + द वखव + द क्यू खवव. मग परत पहिले दोन, क्यू ववख + द खवव + द क्यू वखव + द^२ क्यू खवव. दुसरी वाट, शेवटचे दोन, क्यू खवव. मग पहिले दोन, क्यू वखव + द क्यू खवव. मग शेवटचे दोन, क्यू ववख + द क्यू वखव + द क्यू^२ खवव. ववख आणि वखव चे गुणक जुळले. खवव चे जुळायला द + द^२ क्यू आणि द क्यू^२ सारखे हवेत, म्हणजे १ + द क्यू = क्यू^२ हवं, आणि द च्या व्याख्येतून ते लगेच येतं. बाकीच्या सात अवस्थाही अशाच करा, दोन अगदी सोप्या आहेत. दुपार जाईल, जाऊ द्या. द क्यू = क्यू^२ − १ ही एक ओळ जिथे जिथे वापरावी लागते तिथे लाल पेनानं खूण करा, पुढे पेपर वाचताना ती ओळ ओळखीची वाटेल.

हे कशाला हवं असतं ते पण सांगते. एका रेषेवर कण एकमेकांवर आदळतायत असं समजा. तीन कण एकदम भेटले तर गणित हाताबाहेर जातं, पण काही विशेष थिअरीमध्ये तिघांची टक्कर दोघादोघांच्या टकरींत मोडता येते, आणि कुठली टक्कर आधी झाली यानं उत्तर बदलता कामा नये. तीच ही दोन वाटांची अट, फक्त तिथे अदलाबदलीत कणांचा वेगही येतो. यांगनं १९६७ मध्ये कणांच्या प्रश्नात आणि बॅक्स्टरनं १९७२ मध्ये स्फटिकासारख्या जाळीच्या प्रश्नात ती वेगवेगळी गाठली. झामोलोद्चिकोव्ह बंधूंनी १९७९ मध्ये अशा अटींवरूनच रेषेवरच्या कणांच्या टकरींची पूर्ण उत्तरं काढली. बॅक्स्टरच्याच १९८० च्या हार्ड हेक्सॅगनच्या, म्हणजे त्रिकोणी जाळीवर एकमेकांवर न चढणाऱ्या षटकोनांच्या, कामात रामानुजनची सूत्रं येतात, रॉजर्स-रामानुजन म्हणतात ती, त्यातही क्यू च्या घातांचाच खेळ आहे, ते वाचायला घ्याच.

आता कुठे तो पहिल्या पानावरचा कोप्रॉडक्ट. क्वांटम अल्जिब्राचं सगळ्यात छोटं उदाहरण तीन चिन्हांचं आहे, पेपरमध्ये मोठी रोमन अक्षरं असतात, मी के, ई आणि एफ म्हणते. ई खालच्या स्पिनला वर नेतो, एफ वरच्याला खाली आणतो, के वरच्या स्पिनला क्यू नं आणि खालच्याला १/क्यू नं गुणतो. नियम: के ई = क्यू^२ ई के, के एफ = क्यू^−२ एफ के, आणि ई एफ − एफ ई = (के − १/के) भागिले (क्यू − १/क्यू). दोन स्पिन असतील तर ई कसा लागू करायचा? नेहमीच्या क्वांटम मेकॅनिक्समध्ये पहिल्यावर लावा अधिक दुसऱ्यावर लावा, बास. इथे तसं केलं तर नियम मोडतात. इथे करायचं असं, पहिल्यावर ई लावताना दुसऱ्यावर के लावायचा, आणि दुसऱ्यावर ई लावताना पहिल्याला हात लावायचा नाही. एफ साठी, पहिल्यावर एफ लावताना दुसरा तसाच, आणि दुसऱ्यावर एफ लावताना पहिल्यावर १/के. हा झाला कोप्रॉडक्ट, म्हणजे एकाचं काम दोघांना कसं वाटून द्यायचं त्याचा नियम. असं वाटल्यावर तिसरा नियम टिकतो का ते तपासा, मधल्या दोन पदांत एक क्यू^२ आणि एक क्यू^−२ येऊन ती कापली जातात, आणि ती कापली गेलेली स्वतःच्या अक्षरात बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग सिंगलेट काढा. ई लावल्यावर शून्य होणारी, एक वर एक खाली अशी अवस्था शोधायची. वख वर ई लावला की वव मिळतं. खव वर लावला की पहिला वर जातो आणि दुसऱ्या व वरच्या के मुळे क्यू मिळतो, म्हणजे क्यू वव. म्हणून क्यू वख − खव ही अवस्था शून्य होते. क्यू = १ ला आपला नेहमीचा सिंगलेट. आता मघाची अदलाबदल यावर लावून बघा, तीच अवस्था परत येते, −१/क्यू नं गुणून. नेहमीचं −१ होतं त्याचं हे नवं रूप. डावं-उजवं सारखं राहिलं नाही, पण ती अदलाबदल त्या फरकाला सांभाळून घेते, आणि हॉफ अल्जिब्रावर, म्हणजे कोप्रॉडक्टसकट येणाऱ्या या रचनेवर, हा सगळा डोलारा उभा करायचं कारण हेच आहे. हे हातानं केलेला विद्यार्थी व्याख्या वाचतो तेव्हा त्याला ती आधीच माहीत असते.

हे असंच घडलं पण होतं. कुलिश आणि रेशेतिखिन यांनी लेनिनग्राडमध्ये १९८१ च्या सुमाराला स्पिनच्या साखळ्या सोडवताना हे नियम लिहिले, ड्रिन्फेल्ड आणि जिम्बो यांनी १९८५ मध्ये स्वतंत्रपणे त्याला सर्वसाधारण रूप दिलं, ड्रिन्फेल्डला १९९० मध्ये फील्ड्स मेडल मिळालं. १९८९ मध्ये मॅकफार्लेन आणि बीडनहार्न यांनी क्यू-ऑसिलेटर, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्समधल्या नेहमीच्या ऑसिलेटरचं क्यू असलेलं रूप, मांडले. आणि चेन्नईच्या चक्रवर्ती-जगन्नाथन यांनी १९९१ मध्ये एकाऐवजी दोन पॅरामीटर असलेला ऑसिलेटर दिला, तो पेपर छोटा आहे आणि इथपर्यंत आलेल्या माणसाला समजतो, माझ्या मते पहिला पूर्ण पेपर म्हणून तोच घ्यावा.

पेपर वाचताना सगळ्यात जास्त वेळ कशात जातो तर कन्व्हेन्शनमध्ये, आणि हे मी कळकळीनं सांगतेय. क्यू-आकडा दोन प्रकारे लिहितात. एक गाऊसचा, तीन म्हणजे १+क्यू+क्यू^२. दुसरा दोन्हीकडून सारखा, तीन म्हणजे क्यू^२+१+क्यू^−२. पहिल्यात क्यू च्या जागी क्यू^२ ठेवलं आणि क्यू^२ नं भागलं की दुसरा येतो. काही पेपरमध्ये कोप्रॉडक्टची बाजू उलटी असते, तिथे सिंगलेट वख − क्यू खव असा येतो. माझे एकदा दोन आठवडे गेले, एका पेपरचं उत्तर माझ्याशी जुळेना, शेवटी कळलं त्यांचा क्यू म्हणजे माझा क्यू^२. तेव्हापासून प्रत्येक पेपरच्या फोटोकॉपीवर वरच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहिते: दोन या क्यू-आकड्याची किंमत, के ई चा नियम, आणि ई चा कोप्रॉडक्ट. या तीन ओळी लिहिल्याशिवाय एकही समीकरण उतरवून घेत नाही.

पेपर मिळवायला पैसे लागत नाहीत. फिजिक्सवाल्या पॉल गिन्सपार्गनं १९९१ च्या ऑगस्टमध्ये लॉस अलामॉसला पार्टिकल थिअरीवाल्यांसाठी जे सुरू केलं ते अर्काइव्ह, म्हणजे पेपरचं ऑनलाइन भांडार, आज सगळ्यांना खुलं आहे, त्यात क्वांटम अल्जिब्राचा वेगळा विभाग आहे आणि पार्टिकल थिअरीचा वेगळा. रोज नवे पेपर बघत बसू नका, सुरुवातीला जुनेच बघा, १९८९ ते १९९५ मधले, त्यांत हिशोब उघडा करून दाखवलेला असतो. मात्र अर्काइव्हच्या आधीचे काही जुने पेपर फक्त जर्नलमध्येच मिळतात, त्यासाठी कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या लायब्ररीत विचारा.

आणि टिपणं मराठीत काढा. इंग्रजीत लिहिताना पेपरमधलं वाक्य जसंच्या तसं उतरवता येतं, न समजताही. मराठीत ते जमत नाही, वाक्य स्वतः बनवावं लागतं, आणि जिथे वाक्य बनत नाही तिथे आपल्याला समजलेलं नाही हे लगेच कळतं. शब्दांचा हट्ट नको, कोप्रॉडक्ट कोप्रॉडक्टच राहू द्या, पण क्रमनिरपेक्ष, साहचर्य, घात, गुणक, अवस्था हे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत आणि चांगले आहेत, ते वापरा.

टाइप करताना युनिकोडमध्येच करा. माझ्या जुन्या काही टिपणांसाठी मी त्या वेळचा एक फॉन्ट वापरला होता ज्यात आत रोमन अक्षरंच असायची आणि वर देवनागरीचा चेहरा, नंतर तो फॉन्ट नव्या मशीनवर नव्हता आणि पानंच्या पानं अर्थहीन रोमन अक्षरं झाली. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हातानं तपासावे लागतात. कीबोर्ड इन्स्क्रिप्ट शिका, पंधरा दिवस त्रास होतो मग हात बसतो, डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजनं असं ते रचलेलं आहे. हलन्त रोमन डी च्या जागी आहे, र जे वर, आणि शिफ्ट जे दाबलं की ऱ, जो सुऱ्या आणि दऱ्या लिहायला लागतो. हा ऱ नीट वापरा. काही जण र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जॉइनर टाकून तेच रूप आणतात, दिसतं सारखं पण शोधलं की सापडत नाही. ॲ चंही तसंच, त्याला स्वतःचा कोड २००८ मध्ये मिळाला, अजून काही कीबोर्ड अ वर चंद्र देऊन दोन तुकड्यांत लिहितात, आणि नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे युनिकोडची सारखी रूपं एक करायची पद्धत, या दोन रूपांना एक करत नाही. त्यामुळे एका फाइलमध्ये ॲनियॉन शोधला आणि निम्मेच मिळाले असं होतं. टिपणं वाढायच्या आत एक छोटा प्रोग्राम लिहून सगळीकडे एकच रूप करून घ्या, ही अक्षराला अक्षर बदलायचीच गोष्ट आहे, मघाच्या प्रोग्रामपेक्षा सोपी.

समीकरणांसाठी झीलाटेक वापरा, ते युनिकोड देवनागरी थेट घेतं. फॉन्ट शोभिका घ्या, तो आयआयटी मुंबईचा आहे आणि जोडाक्षरं छान येतात, नाहीतर मुक्ता किंवा नोटो. फॉन्ट निवडताना लिपी देवनागरी आणि भाषा मराठी हे दोन्ही सांगा, कारण आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो आणि काही फॉन्टमध्ये भाषा सांगितली तरच तो तसा येतो.

यानंतरचा हिशोब तुमच्यासाठी: तीन स्पिन घ्या, मधली-डावीकडची जोडी सिंगलेट आहे अशी अवस्था लिहा आणि उजवी जोडी सिंगलेट आहे अशी दुसरी, दोन्हींवर ई लावा, आणि त्यातली एक दुसऱ्या जोडीच्या सिंगलेटवर टाकली की किती भाग उरतो ते काढा. क्यू + १/क्यू कुठेतरी दिसायला लागलं की बरोबर चाललंय समजा. अडलात तर कुठल्या ओळीत अडलात ती ओळ आणि तुमचं कन्व्हेन्शन, दोन्ही लिहून विचारा.